खुंटीनं सोडलं तर

—हं हं, बोलू नका. बोललात की पॅक तडकतो, आणि तडकला की चेहऱ्याचं आटलेलं तळं होतं. माहितीये मला, तुम्ही फक्त भुवयांसाठी आला होतात. पण तुमची कातडी नाजूक आहे हो, एका भुवईतच केवढी लाल झालीय — म्हणून म्हटलं, आधी हा मातीचा गार पॅक लावू, तो वाळू दे, मग दुसरी भुवई. पॅक माझ्याकडून, धरा. आणि उठून आरशात बघायला जाऊ नका. एक भुवई कोरलेली आणि एक रानात सोडलेली, अशी बाई कुठं जाणार आहे? कुठंच नाही. म्हणून तर मी नेहमी आधी एकच करते — हसू नका, हसलं तरी तडकतो.

पंखा कमी करू? बरं, राहू दे. तर मी काय सांगत होते — हां, आमचे हे. आमचे हे दोर तोडतात. म्हणजे नोकरीच ती. पुलापलीकडे तारांच्या दोरांचा कारखाना आहे ना, लिफ्टला नि क्रेनला लागतात ते जाडजूड दोर, तिथं चाचणी विभागात. दोर मशीनला लावायचा, दोन्हीकडून ओढायचा, तुटेस्तोवर ओढायचा, आणि तुटला की म्हणायचं, छान. माझं लग्न ठरत होतं तेव्हा आत्यानं विचारलं, मुलगा काय करतो? सासूबाई म्हणाल्या, दोर तोडतो. आत्या म्हणाली, अगंबाई, परतीचे का? — तेव्हा सगळे हसले. मी पण हसले. मी काय, मी कशालाही हसते, धंदाच तसा आहे, गिऱ्हाइकाच्या डोक्याशी उभं राहून तोंड पाडून कसं चालेल?

तोडायचे, म्हणायला हवं आता. कारखाना सुटला त्यांचा. उद्या सकाळी निघतायत दुसऱ्या गावी, दुसऱ्या नोकरीवर. आणि मी बरोबर येतेय की इथंच राहतेय, ते त्यांना आज संध्याकाळी सांगायचंय. पलंगावर दोन बॅगा आहेत. ह्यांची भरलेली, चेन लावलेली. माझी उघडी. रात्री झोपताना मी ती उचलून खाली ठेवते, सकाळी परत वर ठेवते. आत काही टाकलं नाही, बंदही केली नाही. तुम्ही म्हणाल, मनात काय चाललंय तुमच्या? तर काही नाही. खरंच काही नाही हो. हा माझा पुढचा दात बघा — दिसते ना, मधोमध खाच? इतकी वर्षं दोरा धरून धरून पडलीय. नव्या मुली गळ्यात अडकवतात दोरा, मला नाही जमत, मी जुन्या वळणाची, दातातच धरते. तर ह्या दाताला आता काही कळत नाही. उकळता चहा लावा, बर्फ लावा, सारखंच. डॉक्टर म्हणाला, मेलाय तो, पण घट्ट आहे, चालवा. चालवतेय.

मान थोडी वर घ्या. हं, अशी. हनुवटीखालचं अजून ओलं आहे.

तर ही नवी नोकरी. एक प्रयोगशाळा आहे, तिथं धागा बनवतात — आकाशातल्या लिफ्टसाठी. म्हणजे लिफ्ट नाहीये अजून. व्हायचीय. कधी? ते विचारायचं नाही, त्यांना राग येतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मोठ्ठी बिल्डिंग बांधणार असतील, ढगांच्या वर, नि तिच्यात लिफ्ट. म्हटलं, दिवे गेले तर? मधेच अडकलं माणूस तर? तर हे कपाळावर हात मारून म्हणाले, अगं, बिल्डिंग नाही, दोर! विषुववृत्तावर समुद्रात एक खुंटी ठोकायची, म्हणजे तरंगता तळ, पण हे म्हणतात खुंटीच. तिला दोर बांधायचा, आणि दोर सरळ वर. छत्तीस हजार किलोमीटर वर, आणि तिथंही संपत नाही, अजून पुढं, आणि अगदी टोकाला एक थोरलं वजन. पृथ्वी फिरणार, तिच्याबरोबर ते वजन गरगरणार, बाहेर पळायला बघणार, की दोर ताठ. मग त्याच्यावरून डबा चढत जाईल खारीसारखा. रॉकेट नको, धूर नको, धडाम् नको. म्हटलं, पण एवढा दोर खालून उभा कसा राहील? म्हणाले, इथंच सगळे चुकतात, तो खालून उभा नाहीये, वरून टांगलेला आहे. म्हटलं, कशाला टांगलेला? म्हणाले, कशालाच नाही. मग पडत कसा नाही? फिरतोय म्हणून पडत नाही. म्हटलं, मी पण दिवसभर फिरतेच की, मी तर संध्याकाळी पडते.

आणि वर पोचायला किती वेळ, तर म्हणे आठवडाभर सहज. आठवडाभर! मजला-दोन मजले जायचं तरी आपण लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता दाराकडे तोंड करून उभे असतो — आठवडाभर कसं करणार माणसं? सासूबाई तर म्हणायच्या, वर जायला लिफ्ट कशाला रे, सगळे फुकटात जातात. मागच्या वर्षी गेल्या त्या. फुकटातच.

बरं, दोर कसला घ्यायचा, हा खरा प्रश्न. पोलादाचा चालत नाही. ह्यांनी एवढे तोडले, ह्यांना पक्कं ठाऊक — पोलादाचा दोर खूप लांब करून नुसता टांगला, काही म्हणजे काही न अडकवता टांगला, तरी एका लांबीनंतर तो तुटतो. स्वतःच्याच वजनानं. हे त्यांनी मला जेवताना सांगितलं होतं, आणि का कोण जाणे, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, पोलादाचं असं होतं तर आपलं काय. म्हणून मग असा धागा पाहिजे की जो पोलादापेक्षा कितीतरी हलका नि कितीतरी चिवट. पेन्सिलीत असतं तेच म्हणे, पण नळीसारखं गुंडाळलेलं, केसाहून हजारो पट बारीक. बनतो तसा. पण एवढुसाच बनतो, टीचभर. आणि गोष्टीच्या पुस्तकांत? तिथं लिफ्ट केव्हाच होऊन बसलीय. ह्यांच्याकडे कपाटभर आहेत पुस्तकं — कुणी परग्रहावर दोर टाकलाय, कुणी चंद्रावर, आणि प्रत्येकात शेवटी तो तुटतो नि सपकन् येऊन पृथ्वीला वेढे घालतो. हे चिडायचे, ह्या लेखकांना तोडल्याशिवाय गोष्टच सुचत नाही. मी म्हटलं, तुम्हाला तरी कुठं दुसरं काही येतं?

हसलात ना? पडली बघा भेग. नाकाशेजारी.

—आता मान हलवू नका. हे सगळं तुम्हाला माहितीये, ते मला माहितीये. मी तुम्हाला दारातच ओळखलं. धागा बनवणाऱ्या बाई तुम्हीच. कारखान्यातलं मशीन मोठं, म्हणून तुमचे नमुने घेऊन यायचात, आणि हे तोडून द्यायचे. तुम्ही बनवायचा, ह्यांनी तोडायचा आणि मी दातात धरायचा — तिघांचा धंदा एकच म्हणायचा. पडून राहा हो, पडून राहा. मी काही करत नाहीये. पॅकमध्ये नुसती माती आहे, वासही घेऊन बघितलात तुम्ही. उद्या ह्यांना न्यायला तुमची गाडी येणार, तुम्ही एक दिवस आधीच आलात, आणि फोनवर म्हणालात, भुवया करायच्यात. मी म्हटलं, या. ओळखलं नव्हतं तेव्हा. पण दारात उभ्या राहून तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? म्हणालात — खुंटीताई, आत येऊ का?

खुंटीताई! बिचाऱ्या तुम्ही, तुम्हाला वाटलं ते माझं लाडाचं नाव. सगळे मला तसंच म्हणत असतील. नाही हो. बाहेरची पाटी वाचा, तिथं काय लिहिलंय, समोरच्या शिंपीणबाईंना विचारा, त्या काय हाक मारतात. खुंटी फक्त हे म्हणतात. आणि तेही घरात नाही, स्टेजवर. ह्यांची भाषणं असायची ना, 'आकाशातली लिफ्ट', कधी शाळेत, कधी वाचनालयात — तुम्ही ऐकलंय — त्यात प्रयोग दाखवायला मला घेऊन जायचे. मी मधोमध उभं राहायचं, हातात दोरी, दोरीला चेंडू, आणि जागच्या जागी गिरक्या घ्यायच्या. मी पृथ्वी. दोरी ताठ व्हायची, चेंडू भणभणायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि हे म्हणायचे, ही आमची खुंटी. हिच्यावर जवळजवळ काही भार येत नाही बरं का, दोर आपला वरूनच टांगलेला. खुंटीचं काम एवढंच, भरकटू द्यायचं नाही. लोक हसायचे. ह्या वयात, ह्या वजनात मी गिरक्या घेते म्हटल्यावर हसणारच. एकदा चेंडू सुटला नि अध्यक्षांच्या पाण्याच्या पेल्यात — जाऊ दे. पृथ्वीला चक्कर यायची, खुर्ची धरून बसायची. पण मला आवडायचं. खोटं कशाला बोलू, आवडायचं.

मग तुम्ही आलात त्या वेळचं. पहिल्या रांगेत होतात, निळी ओढणी. मी गिरकी थांबवली, दोरी हातातच होती, डोकं गरगरतंय, आणि तुम्ही हात वर करून विचारलंत — खुंटीनं सोडलं तर? बरोबर ना? चांगला प्रश्न होता. इतक्या भाषणांत कुणी विचारला नव्हता. सगळे विचारतात दोर तुटला तर, वीज पडली तर. आणि ह्यांचा चेहरा जो उजळला! मी एवढी वर्षं बघतेय तो चेहरा, चांगला दोर चांगल्या ठिकाणी तुटला की उजळतो तसा, पण त्याहून जास्त. म्हणाले, खाली सोडलं तर दोर पडणार नाही. वर जाईल. हळूहळू, अख्खाच्या अख्खा, मोकळा. — आणि तुम्ही दोघं बघत राहिलात त्या छताकडे, जसा काही तो चाललाच आहे. मी पण बघितलं. छताला पंखा होता.

चला, वाळला. उठू नका, मी पुसते. पाणी कोमट आहे. डोळे मिटा.

काय? आता बोललात. काही नाहीये? तुमच्या दोघांत तसं काही नाहीये? अहो, मला माहितीये काही नाहीये. तुम्ही भल्या घरच्या बाई आहात, तुमच्या नवऱ्याचा फोटो तुमच्या फोनवर आहे, मघाशी वाजला तेव्हा दिसला, चांगला आहे हो, केस दाट आहेत. आणि आमच्या ह्यांना तसलं काही सुचायलाही एक मदतनीस लागेल. काही असतं ना, तर बरं झालं असतं. भांडले असते. भांडी आपटली असती, माहेरी फोन केला असता, आत्या धावून आली असती. हे असं काहीच नसलेलं कुणाला सांगू? की बाई गं, माझा नवरा दुसऱ्या बाईशी धाग्याबद्दल बोलतो? गॅलरीत उभे राहून तुमच्याशी फोनवर तासभर बोलतात, हसतात, हातवारे करतात — फोनवर हातवारे! — आणि आत आले की हं, ठेव, मीठ दे. बस्स. शब्द संपलेले असतात. नोकरीचं मला कसं कळलं, सांगू? जेवताना म्हणाले, ती म्हणाली तिथं घरही मिळेल. घरही! म्हणजे बोलणं झालं, होकार झाला, पगार ठरला, घर ठरलं, आणि मग उरलेलं माझ्या ताटात पडलं. मी काय केलं? मी वाढलं. म्हटलं, भात घेणार अजून?

डावा हात भुवईच्या वर, उजवा पापणीवर. कातडी ताणून धरा. अशी. ढिलं सोडलंत तर दुखेल — ताण असला तरच सुबक होतं. आता मी बोलणार नाही, दोरा तोंडात आहे. तेवढीच तुम्हाला शांतता.

—

—झालं एक टोक. श्वास घ्या. तर येतेस की राहतेस, असं विचारलं ह्यांनी मला. चहा घेतेस की कॉफी, तसं. तोंड खिडकीकडे, हातात मोजे. ये म्हणाले असते तर मी बॅग भरली असती, अहो त्या मिनिटाला भरली असती, माझं काय, भुवया सगळ्या गावांना असतात, एक खुर्ची नि एक रीळ घेऊन कुठंही पोट भरेल माझं. राहा म्हणाले असते तर भांडून गेले असते. पण येतेस की राहतेस? मी म्हटलं, बघते. तेव्हापासून बघतेच आहे. काही दिसत नाही. रोज सकाळी उठते, दुकान उघडते, टॉवेल धुते, बायकांच्या भुवया सारख्या करते. मला वाटलं होतं, रडू येईल. एकदा बसले होते मुद्दाम, ह्या खुर्चीत, पडदा ओढून, म्हटलं, ये बाबा. नाही आलं. मग मीच माझी वरच्या ओठावरची लव काढली, म्हटलं, निदान त्यानं तरी पाणी येईल डोळ्यांत. आलं जरासं.

धरा. अजून दोन-चार केस राहिलेत. हलू नका, डोळ्याजवळ आहे.

—

झालं. पावडर लावते, आग कमी होईल. काय म्हणालात? सांगा सांगा, आता कुठं तडकत नाही काही. — त्यांना मी हवीय तिथं? — नुसती हवीय नाही, माझ्याशिवाय त्यांना जमणार नाही? असं म्हणाले? रडवेले झाले होते? कधी? — परवा. फोनवर. — हे सांगायलाच आलात तुम्ही इतक्या लांबून, भुवयांचं निमित्त करून. म्हणाले, ती आली नाही तर मी काय करू, मला तिला विचारताच येत नाही —

बघा.

तेही तुम्हालाच म्हणाले.

नाही हो, तुमच्यावर नाही चिडले. कुणावरच नाही. तुम्ही चांगल्या आहात, मनापासून आलात, कळतं मला. हे खोटं बोलत नसणार, तेही कळतं. पण असं बघा, मी तिथं आले, तर उद्या माझं डोकं दुखतंय की मी रुसलेय, हेसुद्धा ते तुम्हाला विचारतील, आणि तुम्ही मला येऊन सांगाल. चांगल्या मनानं सांगाल. नको.

मी नाही येत. — आत्ताच ठरलं. मघापर्यंत नव्हतं ठरलं, शपथ. ते नुसतं हातात मोजे घेऊन जरी म्हणाले असते ना, हे जे तुम्ही म्हणालात त्यातला अर्धा शब्द — जाऊ दे. त्यांना हाक मारल्याशिवाय जेवायला उठायची सवय नाहीये, तिथं खानावळीत कुणाला तरी सांगून ठेवा. बाकी काही नाही. चष्म्याचं ते बघतात स्वतः.

आणि हे त्यांना मी सांगणार, संध्याकाळी. तुम्ही जिन्यात उतरता उतरता फोन करू नका. एवढी एक गोष्ट त्यांना आधी माझ्याकडून कळू दे.

हं, बघा आता आरशात. दोन्ही सारख्या आहेत ना? — अगं, रडू नको — रडू नका. पावडर ओघळेल, झोंबेल. हा कापूस घ्या, टिपा नुसतं, चोळू नका. चप्पल त्या बाकाखाली आहे. चला, पुढची बाई येईल माझी. दार ओढून घ्या जाताना.